तिनं भरलेलं पाणी

आमच्या घरात समुद्र आहे. नाशिकरोडला, दुसऱ्या मजल्यावर, पूर्वी टीव्ही होता त्या जागी. हसू नका. मी चौथी शिकलेला, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशात जन्म गेलेला माणूस, मला सजवून लिहिता येत नाही. काचेची टाकी, खारं पाणी, दगडावर जिवंत पोवळी आणि दोन नारिंगी मासे. बायकोचं माहेर समुद्रकाठचं. इकडं आली आणि जन्मभर समुद्र समुद्र करत राहिली. मुलानं परदेशी जाताना तिला ही टाकी घेऊन दिली.

ह्या समुद्राचं पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. म्हणून रोज वरून गोडं पाणी घालायचं. नळाचं चालत नाही. मशीनमधून गाळून गाळून, आतलं सगळं काढून टाकलेलं लागतं. ते थेंब थेंब येतं. ती ते पांढऱ्या पिंपात साठवायची. झाकण घट्ट. उजेड लागला की शेवाळ धरतं, म्हणून वर जुनी गोधडी. आत हात घालायचा नाही. त्याचं भांडं दुसऱ्या कशाला लावायचं नाही.

मी म्हणायचो, "माझ्या आईचं सोवळं एवढं कडक नव्हतं."

"तुमच्या आईनं पोवळी पाळली नव्हती," ती म्हणायची.

तिला दवाखान्यात नेलं त्या सकाळीसुद्धा तिनं आधी पिंप काठोकाठ भरलेलं बघितलं, झाकण दाबलं, गोधडी टाकली आणि मग चपला घातल्या. ती परत आली नाही. पिंप तसंच भरलेलं.

तेराव्यानंतर माणसं गेली. मी नवीन पाणी कॅनमध्ये धरायला लागलो. टाकीला तेच घालायचो, पण त्यात रोज एक भांडं तिच्या पिंपातलं. म्हणजे रोज तिचा हात समुद्राला लागायचा. ते पाणी नासू नये एवढीच मला काळजी. झाकण जरासं उचलायचं, टॉर्च मारून बघायचं, आतून बुळबुळीत धरलं नाही ना, वास घ्यायचा, पटकन बंद करायचं.

दुपारी पडदे ओढून बसलं की निळा उजेड भिंतीवर हलतो. मोटर घुमत असते. पोवळी बोटं उघडतात, मिटतात. डोळा लागला की ती स्टुलावर उभी दिसायची, बांगड्या कोपराकडं सारलेल्या, हळूहळू पाणी ओतताना. मी बोलायचो नाही. बोललं तर उतरून जाईल.

उन्हाळ्यात लासलगावहून माझी थोरली बहीण आली. पिंपात तेव्हा घागरभर पाणी उरलं होतं. तिला सांगून ठेवलं होतं, हे पाणी तुझ्या भावजयीनं भरलेलं आहे, सांडू नकोस. सकाळी दूध घेऊन आलो तर पिंप गॅलरीत पालथं, साबणानं घासलेलं. ओट्यावर तांब्याची घागर, चिंच लावून लखलखीत.

"आक्का, पाणी कुठंय?"

"ह्ये काय. भावजयीनं भरलेलं ना? मंग प्लॅस्टिकात कशाला सडवतो? तांब्यात ठिवलं. तुळशीचं पान बी टाकलं. आता लय दिवस टिकंल."

"तुझं डोकं फिरलंय का? तांबं पाण्यात उतरलं की पोवळी मरतात. सगळीच्या सगळी!"

"तांब्यानं? आरं, देवाला आपण तांब्यातलंच घालतो!"

"देव मरत नाही."

आक्कानं तोंडाला पदर लावला आणि खाली बसली. मी स्टुलावर बसलो. टाकीत पोवळी उघडलेली, हलत होती. त्यांना काय माहीत. तिचं पाणी समोर होतं आणि आता ते समुद्राच्या कामाचं नव्हतं.

आक्कानं घागरीकडं बघून विचारलं, "मानसाला चालतं ना?"

"चालतं."

"घागर कुनाची ही?"

"तिचीच. रुखवतातली."

आक्कानं फुलपात्र भरून माझ्या हातात दिलं. मी प्यालो. गार होतं. बायकोच्या हातचं काही पोटात जाऊन किती दिवस झाले होते.

आक्कानंही घोटभर घेतलं. "चवच नाय रे याला."

"तिनं सगळं काढून टाकलेलं असतं त्यातलं."

"तुझ्यातलं बी काढायचं व्हतं की," आक्का म्हणाली, आणि रडता रडता हसली.

घागर संपेपर्यंत आम्ही दोघं तेच प्यालो. चहाला नाही घेतलं, नुसतं प्यालो. मग मी पिंप मशीनच्याच पाण्यानं विसळलं, साबणाचा वास पार जाईपर्यंत. सावलीत वाळवलं आणि नळीखाली लावलं. रिकाम्या पिंपात पहिला थेंब केवढा वाजतो. भरायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. झाकण दाबलं, गोधडी टाकली.

त्या दुपारी पुन्हा डोळा लागला. स्टुलावर ती नव्हती, मी होतो. ती खाली खुर्चीत बसून वर बघत होती.

"झाकण लावलंत का?"

"लावलं," मी म्हणालो. ती बसूनच राहिली.