मुलाच्या घराचं हक्कसोडपत्र

आमचा मुलगा गेला तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. दुपारचा डबा खाऊन उठला, छातीत दुखतंय म्हणाला आणि तिथंच खाली बसला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मागे बायको आणि दुसरीत शिकणारी मुलगी राहिली. आणि जुळे सोलापूर या उपनगरातलं, त्याच्या एकट्याच्या नावावर असलेलं छोटं घर.

ते घर बांधताना त्याला रजा मिळत नव्हती. त्यामुळे माझे यजमान, जिल्हा परिषदेतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, रोज सायकलवरून तिकडे जायचे. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, म्हणून टँकर सांगायचे, हौद भरून घ्यायचे आणि भर उन्हात उभे राहून भिंतींना पाणी मारायचे. गवंडी त्यांनाच मालक समजायचे. मुलगा म्हणायचा, "आता तुम्हीही इकडंच या की." आम्ही "बघू, बघू" म्हणत जुन्या भाड्याच्या घरातच राहिलो.

तो गेल्यावर तीन महिन्यांनी सुनेचं नाव घराला लावायचं ठरलं. पूर्वी आमच्या गल्लीत राहणारी एक मुलगी आता वकिली करते. यजमान, सून आणि मी तिच्या ऑफिसात गेलो. तिनं मृत्यूचा दाखला पाहिला, घराचा उतारा पाहिला आणि म्हणाली, "काकू, घराला वारस तिघी. त्याची बायको, त्याची मुलगी आणि तुम्ही."

मला आधी कळलंच नाही. आमचं काही असेल तर ते मुलाला, एवढंच मला माहीत होतं. मुलाचं आईकडे येतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

यजमानांनी हळूच विचारलं, "आणि मी?"

तिनं पेन खाली ठेवलं. "काका, कायद्यानं पहिल्या वर्गात आई येते. वडील नंतर. या तिघी असताना तुमचा हक्क लागत नाही."

"बरं," ते म्हणाले. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत बसले. सून मान खाली घालून होती.

माझा वाटा सुनेच्या नावावर करून द्यायचा, हे मी त्याच दिवशी म्हटलं होतं. पण म्हणणं वेगळं. आठवड्याभरात वळसंगहून धाकटे दीर आले. चहाचा कप हातात धरून म्हणाले, "वहिनी, तुमी लई घाई करताय. पोरीचं वय काय हाय? उद्या दुसरं लगीन केलं तर? म्हातारपणी तुमी दोघं कुटं जाणार? सही करू नका."

यजमान त्यांच्यावर चिडले. मी चिडले नाही. कारण खरं सांगायचं तर सही न करण्याचा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. पण म्हातारपणासाठी नव्हे, वेगळ्याच गोष्टीसाठी. जोवर माझं नाव त्या घराला आहे, तोवर सुनेला मला विचारावं लागेल. त्याच्या खोलीत काय ठेवायचं, काय काढायचं, ते माझ्याशिवाय होणार नाही. तो गेला तरी त्याचं एवढं माझ्याकडे राहील. हे मी कुणालाच सांगितलं नाही. दोन आठवडे वकिलाकडे जायचं टाळत राहिले.

मग एकदा सून दारात आली. हातात फॉर्म होता. विजेचं मीटर नावावर करायला गेली होती, तिथं म्हणाले, सासूबाईंची हरकत नाही असं लिहून आणा. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "आई, परत परत त्रास देतेय तुम्हाला," म्हणाली. आपल्याच घरातला दिवा लावायला ही माझ्याकडे सही मागायला आली होती, आणि लाजत होती. मी फॉर्मवर सही केली आणि वकिलाला फोन लावला.

मला वाटलं होतं, साध्या कागदावर लिहून दिलं की झालं. वकील म्हणाली, "नाही काकू, हक्कसोडपत्र करावं लागतं आणि त्याची नोंदणी लागते." ऑफिसात गेल्यावर तिनं बाकीच्यांना बाहेर बसवलं आणि मला एकटीला समोर घेतलं. "एकदा नोंदणी झाली की परत घेता येत नाही. कुणी सांगितलंय म्हणून करताय का? हयातीपर्यंत तिथं राहायचा हक्क ठेवायचा असेल तर तसं लिहू."

"नको," मी म्हणाले. "अर्धवट द्यायचं नाही."

दोन दिवसांनी तिनं मसुदा वाचून दाखवला. त्यात सून 'लिहून घेणार' होती आणि मी 'लिहून देणार'. मुलाच्या नावाआधी 'मयत' होतं. ते मी गिळलं. पुढे वाक्य आलं, 'मयत हा लिहून देणार यांचा मुलगा होता.' मी तिला थांबवलं. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, काळ चुकला की लाल शाईनं खूण करायची सवय.

"होता नको," मी म्हणाले. "मुलगा आहे. तो गेला म्हणून मी त्याची आई नव्हते असं होतं का?"

कायद्याच्या कागदात 'आहे' बसेना. शेवटी तिनं क्रियापदच काढून टाकलं. 'मयत, लिहून देणार यांचे पुत्र, यांच्या मालकीची मिळकत...' असं केलं. "चालेल?" तिनं विचारलं. मी मान हलवली.

साक्षीदार दोन लागतात. एक वकिलाच्या ऑफिसातले गृहस्थ. दुसऱ्यासाठी यजमान म्हणाले, "मी करतो सही. तेवढं तरी चालतं ना?"

नोंदणी कार्यालयात गर्दी होती. आमचा नंबर आल्यावर मला कॅमेऱ्यासमोर बसवलं. फोटो निघाला, पण अंगठा काही उमटेना. कारकून म्हणाला, "आजी, जोरात दाबा." दाबला. पुन्हा नाही. त्यानं ओलं फडकं दिलं. सुनेनं ते माझ्या हातातून घेतलं, अंगठा पुसला आणि मग आपल्या दोन्ही तळव्यांत धरून चोळत राहिली. मुलगा गेल्यापासून आम्ही एकमेकींना अशा शिवलो नव्हतो. तिचे हात गार होते. चौथ्या वेळेस अंगठा उमटला.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "आजी, राजीखुशीनं करताय ना? कुणाची जबरदस्ती नाही?"

नेहमीचाच प्रश्न असणार तो. पण 'खुशी' या शब्दावर मी अडले. डोळे वाहायला लागले. अधिकारी थांबले. उत्तर ऐकल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नव्हतं. सून कानाशी वाकली, "आई, राहू द्या. नको करायला. माझं काही अडत नाही."

मी पदरानं तोंड पुसलं. "राजीनं करतेय," म्हणाले. "जबरदस्ती कुणाची नाही."

त्यांनी 'खुशी'चा आग्रह धरला नाही. शिक्का मारला.

महिन्याभरानं नवा उतारा आला. सुनेचं आणि नातीचं नाव लागलं होतं. मुलाचं नाव, कमी केलेलं म्हणून, कंसात गेलं होतं. यजमानांनी तो कागद खिडकीपाशी नेऊन बराच वेळ वाचला आणि माझ्याकडे न बघता घडी घालून दिला.

पुढच्या उन्हाळ्यात सुनेला पुण्याला नोकरी लागली. "विचारायला आलेय," ती म्हणाली. मी म्हणाले, "विचारायचं काय त्यात? तू जा." घर भाड्यानं गेलं. सामान भरताना मी आणि तिनं मिळून त्याचं कपाट रिकामं केलं. तिनं मला कशालाच नाही म्हटलं नाही, आणि तरी मी फक्त एक शर्ट घेऊन आले. दीरांनी फोन करून "म्हटलं नव्हतं मी?" असं विचारलं. मी फोन ठेवून दिला. सुनेचं काहीच चुकलं नव्हतं. माझंही चुकलं असं मला वाटत नाही. पण बरंही वाटत नाही.

नात दर रविवारी फोन करते. परवा शाळेत निबंध लिहायला दिला होता, 'माझे घर'. तिनं मला तो वाचून दाखवला. माझे घर पुण्यात पाचव्या मजल्यावर आहे. लिफ्टला आरसा आहे. गॅलरीत कबुतरे येतात, आई त्यांना हाकलते. मी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "छान लिहिलंस. एकही चूक नाही."

फोन ठेवल्यावर यजमानांनी विचारलं, "काय काय होतं त्यात?"

मी सांगितलं, लिफ्ट, आरसा, कबुतरं.

ते ताटलीत मटार सोलत होते. "हं," म्हणाले, आणि पुढची शेंग हातात घेतली.