कानसीने घासलेली सांडशी

लोहारकाम शिकायला जाते म्हटल्यावर घरातले सगळे हसले. हसण्यासारखंच होतं. राजापेठेत बावीस वर्षं फिजिक्सची शिकवणी घेणारी बाई, गुडघे कुरकुरायला लागलेले, आणि रविवारी सकाळी स्कूटी काढून मोर्शीच्या पुढच्या एका खेड्यात लोखंड ठोकायला निघालेली. पण मला स्वतःचाच राग आला होता. तापलेलं लोखंड नरम पडतं हे मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिलं होतं आणि लाल लोखंड जवळून कधी पाहिलंच नव्हतं.

तिथले लोहारकाका सत्तरीचे. गावातल्या वखरांच्या पासा म्हणजे लोखंडी पाती, विळे, कुऱ्हाडी त्यांच्याकडे यायच्या. काका ऐरणीवर लोखंड धरायचे आणि समोर उभ्या राहून काकू घण मारायच्या. चाळीस वर्षं दोघांचं असंच चाललेलं. काका हातोडीने ज्या जागी टिचकी मारायचे, त्याच जागी काकूंचा घण पडायचा. बोलणं जवळपास नाहीच. मला वाटलं होतं काका पहिल्या दिवशी विळा करायला देतील, निदान खिळा तरी. त्यांनी दोन सळया पुढ्यात टाकल्या आणि आधी स्वतःची सांडशी करा म्हणाले. तापलेलं लोखंड धरायची लांब दांड्यांची सांडशी. ती ज्याची त्याने करायची आणि ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाची. ती झाल्याशिवाय पुढचं काही नाही.

सांडशी म्हणजे काय मोठंसं, असं मला वाटलं. दोन सळया, मध्ये एक खिळा. पहिल्या रविवारी सळईचं टोक चपटं करता करता जाळून टाकलं. भट्टीतून काढलं तेव्हा त्यातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडत होत्या. दुसऱ्या रविवारी दोन्ही तोंडं एकाच बाजूला वळवून बसले. काकू घणावर हात ठेवून इतक्या हसल्या की काकांना त्यांना गप्प करावं लागलं. तिसऱ्या रविवारी लाल लोखंडात सुंबा ठोकून भोकं पाडली, खिळा घातला, तो दोन्हीकडून ठोकला आणि सांडशी तापवून पाण्यात उघडझाक करत मोकळी केली. एवढा आनंद मला एम. एस्सी. झाल्यावरही झाला नव्हता.

काकांनी तिच्यात लोखंडाची पट्टी धरली आणि उन्हाकडे करून पाहिलं. पट्टी आणि सांडशीचं तोंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसत होती.

"तोंड बसलं नाई, मॅडम," ते म्हणाले. "पुन्हा तापवा अन् ठोकून बसवा. कानस लावू नका. कानसीनं ते नुसतं बसल्यासारखं दिसते."

मी हो म्हटलं आणि सांडशी घरी घेऊन आले.

आता इथून पुढचं लिहायला हात जड होतो. मला कंटाळा आला होता, हे खरं. मनगट सुजलं होतं, हेही खरं. पण खरं कारण वेगळं होतं. माझी वही कोणी तपासून परत दिलेली मला चालत नाही. बावीस वर्षं मीच दुसऱ्यांच्या वह्या तपासत आले होते. मी गॅलरीत बसले आणि कानस घेऊन सांडशीचं तोंड घासलं. दोन संध्याकाळी घासलं. उजेडाची रेघ नाहीशी झाली. तोंड जरा पातळ झालं, पण बसलं. मग घासलेला भाग पांढरा चकचकीत दिसायला लागला, तेव्हा कोळशाची पूड खोबरेल तेलात कालवून त्यावर चोळली. एवढी अक्कल मला कुणी शिकवली नव्हती, ती माझी मीच लढवली.

चौथ्या रविवारी काकांनी विचारलं, तापवून बसवलं का? मी म्हटलं, बसवलं. त्यांनी उन्हाकडे धरून पाहिलं, रेघ दिसली नाही. खूश झाले. त्यांच्या घरची रीत अशी की नव्या सांडशीत पहिलं लोखंड शिकवणाऱ्याने धरायचं. काकांनी माझी सांडशी घेतली, भट्टीतून वखराची लाल पास उचलली आणि ऐरणीवर आणली. काकूंनी घण घेतला. पाच-सहा घाव नीट पडले. पुढच्या घावाला पास सांडशीतून निसटली आणि उडून काकूंच्या पायावर पडली.

काकू ओरडल्या नाहीत. खाली बसल्या. पायावर पाणी ओतायची पहिली घाई मीच केली. मागे वळले तेव्हा सांडशी ऐरणीपाशी पडलेली होती आणि तिचं एक तोंड उष्णतेने बाहेर वाकलं होतं. पातळ लोखंड लवकर तापतं, तापलं की नरम पडतं. माझंच फळ्यावरचं वाक्य. काका सांडशीकडे बघतच नव्हते. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. हात उघडत होते, मिटत होते.

"माहा हात गेला," ते म्हणाले. "पकडच नाई राह्यली."

मी सांडशी उचलून पिशवीत टाकली. बोलायची वेळ तीच होती. मी बोलले नाही. गाडी बोलावली, काकूंना मोर्शीच्या दवाखान्यात नेलं, औषधं आणली, दोन दिवस डबाही पोचवला. काकू माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, पोटच्या लेकीनं केलं नसतं इतकं केलं. ते ऐकून मी मूग गिळून बसले. त्यापेक्षा त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे कळलं की काकांनी भट्टी बंद केली. पाय बरा व्हायला दोन महिने लागले आणि मग दोघंही अकोल्याला मुलीकडे राहायला गेले. मी स्वतःला बरीच कारणं दिली. वयच झालं होतं त्यांचं. आज ना उद्या थांबणारच होते. आता सांगून काय होणार. अशी कारणं मुलं मला रोज देतात आणि मी ती एका मिनिटात उडवून लावते.

तसंच झालं एक दिवस. बारावीच्या एका मुलीने प्रयोगाची रीडिंग उत्तराला जुळतील अशी मागून लिहिली होती. मी तिला सगळ्या वर्गासमोर झापलं. ती रडली, पण लगेच म्हणाली, हो मॅडम, मी खोटं लिहिलं. एवढं सोपं होतं ते. सतरा वर्षांच्या पोरीला जमलं. दुसऱ्या दिवशी शिकवणीला सुट्टी दिली, सांडशी पिशवीत घातली आणि अकोल्याची एस. टी. धरली.

त्यांची मुलगी कामावर गेली होती. घरात दोघंच होते. काकू किंचित लंगडत दारात आल्या, मला बघून हरखल्या, चहा टाकला. काका खुर्चीत बसले होते, हात मांडीवर. मला ते अर्धे झाल्यासारखे वाटले. चहा उकळला, काकूंनी पातेलं सांडशीने उचलून आमच्यापुढे आणून ठेवलं, कप मांडले आणि जुन्या सवयीने सांडशीचे दांडे काकांकडे केले. काकांनी हात मागे घेतला.

"माह्या हातात नको देऊ," ते म्हणाले.

काकू मला हळूच म्हणाल्या, घरात गरम काही धरत नाहीत, मी जवळ असली तर मुळीच नाही. मग मला थांबता आलं नाही. पिशवीतली सांडशी काढून मी काकांच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं. कानस, दोन संध्याकाळी, कोळशाची पूड, खोबरेल तेल. तुमची पकड सुटली नव्हती, काका. माझ्या सांडशीचं तोंड वाकलं. मी तुम्हाला खोटं सांगितलं आणि नंतर गप्प बसले.

काकांनी सांडशी उचलली. वाकलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला. कानसीचे ओरखडे अंगठ्याला लागले असणार, कारण ते एका जागी थांबले आणि परत फिरवून पाहिलं. काकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

"तवाच काहून नाई बोलल्या?" काकांनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

भीती वाटली, लाज वाटली, असं काहीतरी मी पुटपुटले.

"ऐरण मी भाच्याले देऊन टाकली," ते म्हणाले. "अन् आठ महिने झाले, हिच्या पायाकडं पाह्यलं नाई मी."

दिलेली ऐरण त्यांच्यात परत मागत नाहीत, हे मला त्यांनीच पहिल्या रविवारी सांगितलं होतं. आजोबांची ऐरण होती ती.

चहावर साय धरली. मग काकांनी माझी सांडशी बाजूला ठेवली आणि स्वयंपाकघरातली सांडशी हातात घेतली. पातेलं उचललं. काकूंना खुणेने समोर बसायला सांगितलं आणि त्यांच्या कपात चहा ओतला, कडेपर्यंत. बशीत थेंब पडला नाही. ओतून झाल्यावर त्यांनी मान खाली घालून काकूंच्या पायावरचा तो गुळगुळीत गुलाबी डाग पाहिला, आणि काकूंनी पाय मागे घेतला नाही. स्वतःचा कप भरला. मग पातेलं खाली ठेवून सांडशीचे दांडे माझ्याकडे केले.

"तुमचा तुमी घ्या," ते म्हणाले.

मी पातेलं धरलं. अर्धा चहा बशीत गेला, आणि काकूंनी माझ्यापुढे फडकं सरकवलं.