लाटांच्या टाकीतली नारळी पौर्णिमा

झाशीला समुद्र नाही, ही गोष्ट आमच्या मराठी मंडळाने आजवर मनावर घेतली नव्हती. आमचे पूर्वज इकडे पूजाअर्चा आणि कारभार करायला आले, येताना नारळी पौर्णिमा घेऊन आले आणि समुद्र तिकडेच विसरले. तेव्हापासून आमचा नारळ गावच्या तळ्यात पडतो. बाकी सगळी झाशी त्या दिवशी राखी बांधत असते.

यंदा मात्र अध्यक्षांना साक्षात्कार झाला. हायवेवर एक नवं पार्क उघडलं होतं. एका बाजूला काचेमागे समुद्री मासे, दुसऱ्या बाजूला घसरगुंड्या आणि यंत्राने लाटा उठवणारी मोठी टाकी. "समुद्र आपल्या दारी आलाय," असं त्यांनी सभेत जाहीर केलं. कंपनीत बदलीवर आलेल्या नागपूरकरांनी मान डोलावली. समुद्राबद्दल काही विचारायचं झालं तर आम्ही त्यांनाच विचारतो, कारण ते महाराष्ट्रातले.

माझ्या भावाने तिकडच्या सहलीसाठी ताबडतोब आत्याचं नाव दिलं. आत्या दतिया गेटला आमच्याकडेच राहते आणि तळ्यातला नारळ दरवर्षी तिच्याच हातून सुटतो. खरा समुद्र तिने पाहिलेला नाही. गुडघे पार कामातून जायच्या आत एकदा कोकणात जाऊन नारळ द्यायचा, एवढंच तिचं मागणं. भाऊ वर्षानुवर्षं "पुढच्या थंडीत नक्की" म्हणतो आहे. त्यामुळे हे पार्क त्याला देवानेच पाठवलं होतं. "हिला एकदा तिथे फिरवून आणलं की कोकण कटलं," तो माझ्या कानात म्हणाला. मला असा संताप आला! डबे अर्थात मीच भरले.

फाटकावर पाटी होती: बाहर का खाना मना है. आमच्याकडे पातेलंभर नारळीभात, पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. अध्यक्ष पुढे झाले.

"भैया, ये सब प्रसाद है."

"आलू की सब्ज़ी भी?"

"वो विशेष प्रसाद है."

पहारेकऱ्याने हात जोडून सगळं आत सोडलं. लोणचं तेवढं अडलं. लोणचं कुठल्या देवाला चालतं ते अध्यक्षांना ऐनवेळी सुचलं नाही.

मासे पाहून झाले. 'समुद्र का राजा' अशी पाटी लावलेला शार्क माझ्या हाताएवढा होता आणि कोपऱ्यात तोंड खुपसून बसला होता. पुढे मुलांना तारामासे हाताळता यावेत म्हणून एक उथळ, उघडं कुंड होतं. आत्याने सगळ्यांची नजर चुकवून त्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"खारट आहे गं," ती मला म्हणाली. "किती खारट!"

तिचा चेहरा इतका फुललेला मी कैक वर्षांत पाहिला नव्हता. तिने पिशवीतून नारळ काढला, तोच तिथल्या रखवालदाराची शिट्टी वाजली. "अम्मा, मछली मर जाएगी!" अध्यक्षांनी धावत येऊन तिला बाजूला घेतलं. नारळाचा कार्यक्रम इथे ठरलेलाच नव्हता. तो लाटांच्या टाकीत व्हायचा होता, फोटोसकट.

टाकीचा नियम असा, की नुसते पाय बुडवायचे तरी अंगावर नायलॉनचे कपडे हवेत. मंडळाच्या निम्म्या बायका लुगडी सावरून काठावर बसल्या. अध्यक्ष फुलाफुलांच्या अर्ध्या चड्डीत आणि पांढऱ्या टोपीत मंत्र म्हणायला सज्ज झाले. आत्या आता नाही म्हणणार, असं मी धरून चालले होते. ती सरळ कपडे बदलायच्या खोलीत गेली आणि डॉल्फिन छापलेला निळा टी-शर्ट घालून बाहेर आली. कपाळावर कुंकू, हातात नारळ. कुणाचीही हसायची हिंमत झाली नाही.

भोंगा वाजला. लाटा सुटल्या. अध्यक्षांचे मंत्र स्पीकरवरच्या नाचगाण्यात बुडाले. आत्या माझा हात धरून गुडघाभर पाण्यात उतरली, तिने डोळे मिटले आणि नारळ सोडला. तो जरा पुढे गेला आणि पुढच्या लाटेबरोबर तिच्या पायाशी आला. पुन्हा सोडला, पुन्हा आला. मग अध्यक्षांनी तो स्वतः जोर लावून भिरकावला. राखीची सुट्टी साजरी करायला आलेल्या एका कुटुंबाने तो "अंकल, आपका नारियल!" म्हणून प्रेमाने परत फेकला.

आत्याने ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं आणि थुंकून टाकलं.

फोटो निघाले होते. भाऊ टॉवेल घेऊन आला, चेहऱ्यावर मोठं काम मार्गी लागल्याचं समाधान. "झालं ना आत्या? समुद्र झाला, नारळ झाला. अब कोकण जाके क्या करना?"

आत्या पदर शोधत होती. तो नव्हता, म्हणून तिने टी-शर्टच्या टोकाने नारळ पुसला. "हे पाणी खारट नाही. आणि नारळ परत आलाय, म्हणजे मी अजून दिलेला नाही."

"अगं, लाट आहे ती! खऱ्या समुद्रातही परतच येतो."

"तुला काय माहीत?" आत्या म्हणाली. "तू कुठे पाहिलायस?"

आत्याने नारळ पिशवीत ठेवला आणि ती माझ्याकडे वळली.

"उद्याच तिकिटं काढ. याचंही काढ. एकदा पाहू दे बिचाऱ्याला."