ढग नसलेलं चित्र

त्रिवेणी नकाशे बनवणाऱ्या कंपनीत लागली, तेव्हापासून तिचे वडील तातेराव तारनाक्याच्या इराणी हॉटेलात ज्याला त्याला सांगत, "आमची पोरगी इंटरनेटवर दुनियेचा नकाशा करते." पोरीचं काम तसं साधंच होतं. एकाच जागेची उपग्रहानं वेगवेगळ्या वेळी काढलेली दोन चित्रं शेजारी लावायची आणि ज्यात ढग नाहीत ते ठेवायचं. पावसाळ्यातलं चित्र बहुतेक वेळा बाद व्हायचं, उन्हाळ्यातलं राहायचं.

रिटायर झाल्यावर तातेरावांनी शहराबाहेर प्लॉट बघितला, म्हणजे नकाशातच बघितला. सपाट, कोरडं, ऐसपैस मैदान. पोरीच्या कंपनीचा नकाशा, मग जागेवर जाऊन कशाला परेशान व्हायचं? फंडाचे सगळे पैसे त्यांनी प्लॉटमध्ये घातले आणि मगच घरी सांगितलं.

सप्टेंबरात ते मोठ्या हौसेनं त्रिवेणीला प्लॉट दाखवायला घेऊन गेले. तिथं तळं तुडुंब भरलं होतं. हद्दीच्या दगडांची नुसती टोकं पाण्याबाहेर दिसत होती.

"तुझ्या नकाशात कोरडं होतं गं," एवढंच ते म्हणाले. चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

तातेरावांनी हॉटेलात पुन्हा नकाशाचं नाव काढलं नाही. त्रिवेणी मात्र ढगाळ चित्र आलं की ढगांच्या फटींतून पाणी शोधत बसायची. कधीकधी ते दिसायचंही. मग ती कोरडं चित्र ठेवायची, कारण कंपनीला ढग चालत नव्हते.