मागच्या जिन्यावरची मंडळी

त्या रविवारी उपासनेला आम्ही पाच जण होतो, आणि पाचवा म्हणजे मी, पाळक. संदेश तयार करायला मी तीन दिवस घालवले होते. तो बहुतेक रिकाम्या बाकांनीच ऐकला. आशीर्वाद देऊन झाला आणि पाच मिनिटांत आवार मोकळं झालं. दाराला कुलूप घालून मी मागच्या घरात आलो आणि ओट्याशी उभ्याउभ्याच आदल्या दिवशीचा भात खाल्ला. तेव्हा लक्षात आलं की कित्येक महिन्यांत मी स्वतःसाठी प्रार्थनाच केलेली नाही. दुसऱ्यांसाठी म्हणत होतो, मोठ्याने, नीट शब्दांत. एकटा असलो की तोंड उघडत नव्हतं.

माझी पत्नी सुमती जाऊन दीड वर्ष होत आलं होतं. ती होती तेव्हा रविवारी तीस-पस्तीस माणसं यायची. तिच्या मातीनंतर काही आठवडे ती माणसं येत राहिली, मग एकेक करून गळत गेली. मी मूळचा नगरकडचा. रत्नागिरीत अकरा वर्षं काढली तरी इथली माणसं मला परकीच वाटायची, आणि मी त्यांना. लोकांचा विश्वास थंडावला, असं मी ठरवून टाकलं. व्हॉट्सॲपवर रोज वचन पाठवलं, नवा माईक आणवला, गेटाबाहेर फलक लावला. न येणाऱ्यांवर संदेशही दिला, तोही आलेल्या चौघांपुढे. दर रविवारी साडेनऊला मी दारात उभा राहून रस्त्याकडे बघायचो. मंडळी वाढव, त्यांना इथे आण, एवढीच देवाकडे माझी मागणी असायची. शेवटी मी अर्ज लिहिला. प्रकृतीचं कारण देऊन मुदतीआधीच सेवेतून मोकळं करावं, अशी विनंती होती. तो घेऊन मंगळवारी सकाळी कोल्हापूरला वरिष्ठांकडे जायला निघालो.

श्रावणातले दिवस होते. साखरप्याच्या थोडं पुढे गाडी थांबली. रस्त्यावर मोठं झाड आडवं पडलं होतं. कोयते आणि करवत घेऊन माणसं आली होती, पण दोन-तीन तास तरी जातील असं कंडक्टर म्हणाला. उतारू खाली उतरले. समोरच्या टपरीच्या छपराखाली मी चहा घेऊन बसलो. गाडीतलीच एक बाई, पन्नाशीच्या पुढची, डोक्यावर पदर, हातात पिशवी, माझ्याकडे बराच वेळ बघत होती. मग जवळ येऊन तिने विचारलं, “तुमी सुमतीबायचे घरवाले ना?”

मी हो म्हटलं. ओळख काही लागेना.

“माझी वळख नसंल तुमाला,” ती म्हणाली. “बाय दवाखान्यात होत्या तेव्हा त्या वार्डात मी फरशी पुसायची. मी आले की तुमी पाय वर घ्यायचात.”

तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. मला मात्र चहा पुढे घेववेना. सुमती एकवीस दिवस त्या वॉर्डात होती. एकवीस दिवस ही बाई माझ्या पायांपाशी वाकत होती आणि मी तिचा चेहराही पाहिला नव्हता.

ती शेजारी टेकली आणि तिच्या गतीने सांगत गेली. सुमती आजारी पडायच्या कितीतरी आधीपासून तिला ओळखायची. दर मंगळवारी दुपारी ती दवाखान्याच्या मागच्या जिन्यावर येऊन बसायची. दोनला सकाळची पाळी सुटते. त्यानंतर चार-पाच नर्स मुली तिच्याभोवती जमायच्या, सगळ्या बाहेरगावच्या, कुणी जालन्याची, कुणी माझ्याच नगरकडची. ख्रिस्ती कुटुंबांतल्या मुली. रविवारी त्यांना सुट्टी मिळायची नाही, म्हणून चर्चला येणं व्हायचं नाही. सुमती डब्यातून घावन नाहीतर खापरोळी आणायची. ही मावशी हिंदू, पण तिलाही हात धरून बसवायची. एका मुलीची आई वारली आणि तिला वेळेवर गावी पोचता आलं नाही, तेव्हा सुमतीने तासभर तिचे केस विंचरले म्हणे. मी विचारलं, “आणि प्रार्थना?” मावशी म्हणाली की ती असायची, उठायच्या वेळी, थोडीशी.

इतकी वर्षं मंगळवारी दुपारी सुमती कापडी पिशवी घेऊन निघायची. मी पुस्तकातून मान वर न करता “कुठं?” विचारायचो आणि ती “जरा जाऊन येते” म्हणायची. त्यावर दुसरा प्रश्न मी कधी विचारला नाही. गावात आल्यावर त्या मुलींनी चर्चमध्ये नोंदवलेली नावं मात्र माझ्या वहीत होती. सतत गैरहजर म्हणून मी त्यांच्यापुढे फुल्या मारल्या होत्या.

“पोरी अजून मंगळवार आला की जिन्याकडं बघतात,” मावशी म्हणाली. “एकदा मला इचारलं त्यांनी, बायचे साहेब नाय येयाचे काय? मी सांगितलं, त्यांना चर्चमदी काम असंल.” तिने पिशवी उचलली. तिचं गाव पलीकडे दोन मैलांवर होतं, ती चालतच जाणार होती. “आज मंगळवारच हाय,” एवढं म्हणून ती फांद्या चुकवत झाडापलीकडे गेली.

झाड त्याच दिवशी, तिथेच का पडलं, मी सांगू शकत नाही. श्रावणातल्या वाऱ्याला झाडं पडतातच. मी उठलो, कंडक्टरला सांगून माझी बॅग उतरवून घेतली आणि माघारी वळणाऱ्या एका टेम्पोला हात केला. काही ठरवलं होतं असं नाही. माझ्यापुरतं सगळं संपलेलं होतं, आणि संपलेल्या माणसाला जिकडे ढकलतील तिकडे जाणं सोपं असतं, एवढंच तेव्हा वाटलं होतं.

दोनच्या आधीच मी त्या जिन्याशी पोचलो. लोखंडी कठडा, कोपऱ्यात वाळत घातलेल्या चादरी, आणि पायऱ्यांवर कुणीच नाही. हातात डबा नव्हता. काय बोलावं तेही कळत नव्हतं. अडीचच्या सुमारास तीन मुली बाहेर आल्या आणि मला बघून थबकल्या. त्यातल्या एकीच्या गणवेशावरच्या पट्टीवर शालिनी हे नाव होतं, आणि त्या नावापुढच्या फुल्या मला आठवत होत्या. वाटेत मी एक वाक्य जुळवलं होतं, ते विसरलो. म्हणालो, “मला सुमतीसारखं काही येत नाही. पण इथे बसू का थोडा वेळ?”

शालिनी म्हणाली, “बसा ना. बाईपण नुसत्या बसायच्या.” आणि मग, माझ्याकडे नीट बघून, “पाळकसाहेब, तुम्ही जेवलात का?”

दीड वर्षात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी नकारार्थी मान हलवली आणि मला रडू आलं. आपल्याहून तीस वर्षांनी लहान मुलींसमोर, दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसून मी रडलो. कुणी समजूत घातली नाही. एकीने तिच्या डब्यातली उरलेली पोळी-भाजी पुढे केली आणि ती मी खाल्ली. उठताना प्रार्थना झाली ती शालिनीने केली, चार वाक्यांची, आणि त्यात माझं नाव होतं. मी फक्त आमेन म्हणालो. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच ते आतून आलं.

अर्ज मी दिला नाही. पुढच्या मंगळवारी पुन्हा गेलो. घावन मला जमत नाहीत, म्हणून भाजलेले शेंगदाणे नेले. हळूहळू कळत गेलं की सुमतीची मंडळी गावभर विखुरलेली होती. गुरुवारी मी मिरकरवाड्याच्या जेटीवर जातो. तिथे बोटींवर परराज्यातले काही ख्रिस्ती खलाशी आहेत, जाळी दुरुस्त करता करता ते त्यांच्या भाषेतली गीतं म्हणतात आणि मी टाळ्या वाजवतो. अंथरुणाला खिळलेल्या एका बाईंकडे महिन्यातून एकदा प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेऊन जातो. रविवारचे बाक अजून बरेचसे रिकामेच असतात. सुट्टी मिळाली की शालिनी आणि तिच्या मैत्रिणी येतात, एकदा दोघे खलाशीही आले होते. इतर रविवारी मी त्यांच्यासाठी नावं घेऊन प्रार्थना करतो, कारण त्या वेळी कोण कुठे असेल हे आता मला ठाऊक असतं. मावशी पुन्हा भेटली नाही. तिने काम सोडल्याचं कळलं. त्या दिवशीही मी तिचं नाव विचारलं नव्हतं. ही माझी चूक मी अजून देवापुढे मांडतो, आणि त्याच दमात तिच्यासाठी आभारही मानतो.

एकटेपण गेलं असं मी म्हणणार नाही. घरी परतल्यावर कुलूप मीच उघडतो. पण माणसं आण, असं मागणं आता सुटलं आहे. कुठे जाऊ, एवढं विचारतो, आणि जिथे पाठवलं जातं तिथे जाऊन बसतो.

गेल्या शुक्रवारी पूर्णगडला गेलो होतो. तिथे एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांचे गुडघे कामातून गेले आहेत, मुलगा मुंबईला असतो. मी त्यांना बाबा म्हणतो. पडवीत त्यांच्या खुर्चीसमोर बसून मी शास्त्रपाठ वाचायला घेतला आणि दुसऱ्या वचनापाशीच त्यांचा डोळा लागला. पूर्वी मला याचं वाईट वाटलं असतं. मी पुस्तक मिटलं. खाली बंदरात होड्या लागत होत्या, कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकत मी बसून राहिलो. कशासाठी म्हणून काही मागितलं नाही. अर्ध्या तासाने ते दचकून जागे झाले आणि ओशाळून म्हणाले, “झाली का हो उपासना?”

मी म्हटलं, “झाली, बाबा.” आणि ते खरं होतं.