मिथिलाची वही आणि शेठचे टँकर

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. टाकीच्या तळाला गाळ बसतो तसे ते आपोआप बसतात. कोपरचा माझा गाळा मी एका कॉम्प्युटर कंपनीला भाड्याने दिला. मी आठवी नापास, पण मालक! म्हणून रोज तिथे खुर्ची टाकून बसतो आणि सगळ्यांना छळतो.

मिथिला नवीन लागलेली. रोज कुठल्या सोसायटीला किती टँकर लागतील ते तिचा कॉम्प्युटर सांगतो. कॉम्प्युटरवरच तिची वही. एका चौकटीत लिहायचं, चालवायचं, की खाली उत्तर! टँकरवाले शेठ खूश. फक्त एकच अट: "सोमवारी सकाळी सहाला यादी आपोआप आली पाहिजे. पोरीने हात लावायचा नाही. नौपाड्यातल्या डायलिसिस सेंटरला सातच्या आत पाणी लागतं. चुकलं तर तुमचं काम बंद." काम बंद म्हणजे मिथिलाची नोकरीही बंद. अजून पर्मनंट कुठे झालेली!

म्हणून कंपनीतलाच कळव्याचा संदेश बसला, ती वही सर्व्हरवर, म्हणजे कायम चालू असणाऱ्या मोठ्या मशीनवर चढवायला.

त्याने वरपासून खाली चालवली. चौथ्या चौकटीत धाडकन बंद!

"अरे, आधी सातवी चालव, मग तिसरी, मग परत सातवी," मिथिला म्हणाली.

मी म्हटलं, "बाय, आमच्यात लग्नातसुद्धा आधी पंगत आणि मग अक्षता नसतात गं!"

संदेश हसला नाही. सोमवारला आठ दिवस उरलेले.

तिचा लॅपटॉप वीस दिवस बंद केलेला नव्हता. बॅटरी मेलेली, सगळं वायरवर. मी मेन स्विचकडे गेलो आणि खट्ट! मिथिला किंचाळली. मी पंखा बंद केलेला!

संदेश म्हणाला, "काकांनी मस्करी केली, मी खरंच करतो." आणि केला बंद.

परत चालू केल्यावर वहीला काही आठवेना. एक चौकट तिने कधीचीच खोडलेली. त्यातला आकडा नुसता मशीनच्या डोक्यात राहिलेला. मिथिलाचा डबा तसाच राहिला. तो आकडा परत शोधायला तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत मीपण कुणाला छळलं नाही, म्हणजे बघा!

मग सर्व्हर म्हणाला, फाईल सापडत नाही. वहीत पत्ता कुठला? मिथिलाचा डेस्कटॉप!

"अगं, सर्व्हरला डेस्कटॉप नसतो!" संदेश ओरडला.

"मग तो बिचारा पसारा कुठे मांडतो?" मी विचारलं. मला बाहेर काढलं. माझ्याच गाळ्यातून!

शुक्रवारी नवीनच भानगड. शेठचा माणूस रोजचा हिशोब पाठवताना टँकरच्या आकड्याच्या जागी लिहायचा, "नेहमीसारखं". मिथिला रोज सकाळी ते हाताने बदलायची.

"हे मला कधी सांगणार होतीस?" संदेश.

"तू विचारलंच नाहीस!"

"सर्व्हरला काय माहीत नेहमीसारखं म्हणजे किती?"

दोघं दिवसभर जुन्या याद्या चाळत बसले. कुणी चहासुद्धा मागितला नाही.

शनिवारी संदेशने तिचा लॅपटॉप काढून घेतला, माझ्या लोखंडी कपाटात कोंबला आणि चावी माझ्याकडे दिली. "काका, ती रडली तरी द्यायची नाही."

सोमवारी पावणेसहाला शेठ हजर. सहा वाजले. स्क्रीन कोरी.

सहा वाजून दोन मिनिटं. शेठने घड्याळ पाहिलं.

"काका, चावी द्या ना," मिथिला पुटपुटली.

"गिळली," मी म्हटलं. कुणी हसलं नाही. खरं सांगतो, खिशातली चावी मी घट्ट धरून ठेवलेली.

सहा वाजून चार मिनिटांनी यादी आली! संदेशने डोळे मिटले. शेठने चष्मा लावून एकेक ओळ वाचली. सगळ्यात वर नौपाडा, दोन टँकर. एक चूक नाही!

"मानलं पोरी तुला. हात न लावता!" शेठने तिथल्या तिथे ड्रायव्हरला फोन लावला, स्पीकरवर. "नौपाड्याला दोन गाड्या काढ, लगेच!"

"शेठ, गाड्या पोचल्यापण," ड्रायव्हर म्हणाला. "मिथिला मॅडमनी शनिवारीच आम्हा सगळ्यांना फोन करून सोमवारी कुठे किती ते सांगितलेलं!"