मंगळावर नेलेलं गाऱ्हाणं

माझ्या पुस्तकांच्या मलपृष्ठावर छापलेलं असतं की या लेखकाने मराठी माणसाला परग्रहावर नेऊन हसवलं. हे वाक्य प्रकाशकाचं. मी मुंबईतल्या एका सरकारी कचेरीत आयुष्यभर आवक-जावक सांभाळली, आणि परग्रह राहू द्या, पुण्यालाही चारदा गेलो नसेन. हसवलं हे मात्र खरं. कुणाच्या जिवावर हसवलं ते मलपृष्ठावर येत नाही, म्हणून इथे लिहितो.

मसुऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. तिथे देवासमोर गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे होता. जत्रा असो, पेरणी असो, कुणाच्या घरचं आजारपण असो, गावाच्या वतीने देवाशी बोलायचं ते माझ्या वडिलांनी. ते उभे राहून एकेक मागणी मांडत आणि जमलेली माणसं दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार भरत. घरी वडील जवळपास मुकेच असत. जेवताना मीठ हवं असलं तर मिठाच्या भांड्याकडे बघत, आणि आई ते पुढे सरकवी. देवळात मात्र त्यांची जीभ सुटे. देवाला ते हात जोडून झापायचे.

‘वरसभर तुका नारळ दिले, कोंबे दिले. तरी गेल्या साली आमचा भात उंदरांनी खाल्ल्यानी. तू खंय बघी होतंस म्हाराजा? ह्या वरसाक उंदरांकडे तूच बघ म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

यात कुणाला हसू येत नसे. उंदरांनी भात खरंच खाल्लेला असे. विनोद कसा सांगावा यावर पुढे लोकांनी माझी व्याख्यानं ठेवली, तेव्हा मी परदेशी लेखकांचे दाखले दिले. खरं सांगायचं तर कुठे थांबावं, कुठे आवाज खाली आणावा आणि शेवटचा शब्द कसा टाकावा, हे सगळं मी त्या सभामंडपात फतकल मारून शिकलो होतो. व्याख्यानात मी हे एकदाही कबूल केलं नाही.

माझ्या डोक्यात खूळ लहानपणापासूनचं. मालवणच्या वाचनालयात जुन्या मासिकांचा एक गठ्ठा हाती लागला, त्यात ग्रहताऱ्यांवरचे लेख होते. तेव्हापासून समोर येईल त्याला मी आकाशात धाडू लागलो. ‘आमची गाय’ या निबंधात मी गाय शनीवर चरायला सोडली, आणि तिला शनीची कडी ओलांडता येईना म्हणून ती उपाशी राहिली असं लिहिलं. मास्तरांनी आधी छड्या मारल्या आणि मग तो निबंध शेजारच्या वर्गात नेऊन वाचून दाखवला. पुढे मराठी साहित्यानेही माझ्याशी अगदी हाच व्यवहार ठेवला.

मॅट्रिक झालो आणि नोकरीसाठी मुंबईला निघालो. मालवणहून बोट सुटायच्या आदल्या दिवशी वडील मला देवळात घेऊन गेले. पाचसहा शेजारी आले होते. गावाचं काही मागणं नव्हतं, मागायचं होतं ते माझ्यासाठी. वडिलांनी नेहमीसारखी सुरुवात केली आणि मग त्यांचा आवाज खाली आला.

‘माजो झील मुंबयक जाता म्हाराजा. तेच्या डोक्यात कसला खूळ भरला आसा ता माका कळणा नाय. तुका कळत आसात तर ता काढून टाक म्हाराजा. नायतर त्याच खुळार तेका दोन घास गावंदेत म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा,’ शेजारी म्हणाले.

माझ्याविषयी वडील इतकं लांब बोलल्याचं मला दुसरं आठवत नाही. तेही मला उद्देशून नव्हतं.

मुंबईत दोन-तीन वर्षं कचेरीच्या कोऱ्या फॉर्मांच्या पाठीवर मी कथा लिहीत होतो. सगळ्या साभार परत आल्या. मग एका दिवाळी अंकासाठी एक कथा सुचली. परग्रहावरचं यान देवबागच्या वाळूत उतरतं आणि बंद पडतं. किनाऱ्यावर जाळं ओढणारी माणसं त्याला मोठा मासा समजतात आणि वाटे कुणाला किती यावरून हमरीतुमरीवर येतात. परग्रहावरचे इंजिनीअर हात टेकतात. शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्याला बोलावतात. तो यानापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो, सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात आणि यान घरघरायला लागतं. कप्तान हात जोडून म्हणतो, आमच्याबरोबर चला, असा कारागीर आमच्या ग्रहावर नाही. म्हातारा म्हणतो, ‘माका येळ नाय. भात झोडूचा आसा.’

सगळं जमलं होतं, गाऱ्हाणं तेवढं जमत नव्हतं. माझ्या मनाने लिहिलेलं गाऱ्हाणं अर्जासारखं वाटे. चार वेळा लिहून फाडलं. पाचव्या वेळी मी वडिलांचं गाऱ्हाणं होतं तसं उतरवलं, उंदरांसकट. आणि गावाचं काम आटोपल्यावर म्हातारा हळूच आपलं घरचंही यानाच्या कानावर घालतो असं दाखवलं: माजो झील, तेचा खूळ, दोन घास. एक अक्षर बदललं नाही. लिहिताना मी एकटाच खोलीत हसत होतो.

कथा छापून आली. अंक हातात पडला तेव्हा इतका आनंद झाला की डोकं ठिकाणावर राहिलं नाही. वडिलांना अक्षरओळख नव्हती. मी एक प्रत गावी मास्तरांना पाठवली आणि सोबत चिठ्ठी लिहिली की वडिलांना वाचून दाखवा. माझी कल्पना अशी की मास्तर एखाद्या दुपारी आमच्या ओटीवर बसतील, आई चहा देईल आणि वडील माझं कौतुक ऐकतील. मास्तर हौशी माणूस. त्यांनी कथा देवळात वाचली, रविवारी सकाळी, भरल्या सभामंडपात. म्हाताऱ्याचं बोलणं आलं तेव्हा त्यांनी वडिलांचा आवाज काढला.

हे मला आईने नंतर सांगितलं. यान आलं, मासा समजून भांडणं झाली, तिथपर्यंत वडील सगळ्यांच्या बरोबरीने हसत होते म्हणे. उंदीर आल्यावर ते थांबले. झिलाचं खूळ आलं तेव्हा लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. वडील उठले, कोपऱ्यातली काठी घेतली आणि घरी आले. आईने विचारलं, कशी होती गोष्ट? ते म्हणाले, ‘बरी आसा.’

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. महिन्याभरात जत्रा होती, मी रजा काढून बोटीने आलो. मालवणच्या धक्क्यावरच गाववाल्यांनी पाठीवर थापा मारल्या. ‘काय रे, यान चालू झाला मा?’ मी फुगलो. दुपारी देवळात गेलो तेव्हा वडील गाऱ्हाण्याला उभे होते. गाव जमलं होतं, चाकरमानी आले होते. वडिलांनी सुरुवात केली. आवाज थोडा बारीक वाटला, पण चाललं होतं. मग ते उंदरांपाशी आले. ते टाळता येण्यासारखं नव्हतं, कारण त्या सालीही उंदरांनी भात खाल्ला होता.

‘ह्या वरसाक उंदरांकडे तूच बघ म्हाराजा…’

पहिला हसलो तो मी. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुद्दाम नाही, नाकातून नुसता आवाज निघाला. आपण लिहिलेलं वाक्य समोरचा माणूस जसंच्या तसं म्हणतोय याची मला गंमत वाटली. वाक्य त्यांचंच होतं, हे त्या क्षणी मी साफ विसरलो होतो. मी हसलो म्हणून मागचे हसले, आणि मग सगळा सभामंडप हसला. ‘व्हय म्हाराजा’ कुणी म्हटलंच नाही.

वडील थांबले. त्यांनी मागे वळून बघितलं, बरोबर माझ्याकडे. मग जोडलेले हात खाली घेतले. गाऱ्हाणं अर्धवट सोडणं आमच्याकडे मोठं वाईट समजतात, म्हणून माझ्या चुलतभावाने पुढे होऊन कसंबसं पुरं केलं. त्यानंतर वडील देवासमोर बोलले नाहीत. लोक बोलवायला येत, गळ घालत. ते मान हलवत आणि गोठ्याकडे निघून जात. गाऱ्हाण्याचा मान चुलतभावाकडे गेला.

मी परत निघालो तेव्हा आई पाणंदीपर्यंत आली होती. म्हणाली, ‘घरात बोलनत नाय होते तेचा माका कायएक वाटणा नाय. देवळात बोलत होते. आता खंयच बोलनत नाय. तूच तेंका गप केलंस, तूच बोलते कर.’

एवढं एकच काम आईने माझ्यावर आयुष्यात टाकलं. वडिलांनी पुन्हा देवासमोर तोंड उघडावं. मी ते करू म्हटलं तर कसं करणार? माफीचं पत्र लिहायचं, तर ते वाचून दाखवणार मास्तर. समोर बसून बोलायचं, तर समोर बसल्यावर मी परीक्षेला बसल्यासारखा गप्प होई आणि वडील मिठाच्या भांड्याकडे बघत.

आणि खोटं कशाला बोलू, मला वेळही नव्हता. कारण माझं बस्तान बसलं होतं. पुढच्या दिवाळीला संपादकांचं पत्र आलं: म्हातारा हवा. मी एका एकाकी शास्त्रज्ञाची गंभीर कथा पाठवली. ती परत आली, समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, ‘म्हातारा कुठे?’ मग मी म्हाताऱ्याला मंगळावर पाठवलं. तिथे तो कोरड्या कालव्यांसाठी गाऱ्हाणं घालतो. त्याला चंद्रावर नेलं, धूमकेतूवर बसवलं. पुढली दहा-बारा वर्षं दिवाळी आली की मी त्याला बाहेर काढी आणि जगभरच्या तक्रारी त्याच्या तोंडून देवाला सांगे. वाचकांची पत्रं येत. टीकाकार लिहीत की यात विनोद आहे म्हणून हे विज्ञान नव्हे, आणि विज्ञान आहे म्हणून हे साहित्य नव्हे. त्यांच्या नावाने मी पुष्कळ बोटं मोडली. माझ्या म्हाताऱ्याच्या तोंडात जिवंत माणसाची चोरलेली वाचा आहे, हे त्यांच्यातल्या एकालाही कळलं नाही याचा मला रागही होता आणि सुटकाही वाटे.

ज्याच्यावरून हे सगळं चाललं होतं तो माणूस तिकडे गावात गप्प बसून दावी वळत होता.

साठ सालानंतर दोन-तीन वर्षांनी चुलतभाऊ वैभववाडीकडे दुकान टाकून गेला. त्या जत्रेला मी गावात होतो. मंडळी सकाळीच आमच्या अंगणात आली आणि वडिलांना म्हणाली, आता तुमीच उभे ऱ्हवा. मला वाटलं, हीच वेळ आहे. मीही म्हणालो, ‘बाबानू, तुमीच घाला. माज्यासाठी घाला.’

वडिलांनी माझ्याकडे बोट केलं. ‘हेका उभो करा. शबूद सगळे हेच्याकडे आसत.’

त्यात टोमणा नव्हता. विहिरीवर कळशी राहिली आहे असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मंडळींना तर हवंच होतं. मुंबईचा लेखक गाऱ्हाणं घालणार म्हणून शेजारच्या वाडीतली माणसंही लोटली.

मी देवासमोर उभा राहिलो. वडील डाव्या हाताला खांबाशी बसले होते, मांडीवर खोबऱ्याचं ताट घेऊन. मी ठरवून आलो होतो की आज लिहिलेलं काही बोलायचं नाही, जे आहे ते मागायचं. ‘बारा येशीच्या म्हाराजा’ एवढी नेहमीची सुरुवातच केली आणि मागे खसखस सुरू झाली. मी थांबलो नाही.

‘माज्या बापसाची वाचा मी न्हेलंय म्हाराजा. मुंबयक न्हेलंय, मंगळार न्हेलंय. तेच्यार मी पोट भरलंय. आता ती तेंका परत दी म्हाराजा.’

माझा आवाज कापत होता. लोकांना वाटलं, काय हुबेहूब करतोय! मंगळाचं नाव आलं तेव्हा तर बायकांनी पदर तोंडात धरले. आणि शेवटी सगळ्या सभामंडपाने हसत हसत, टाळ्या पिटत, कधी नव्हे एवढ्या मोठ्याने होकार भरला.

‘व्हय म्हाराजा!’

मी वडिलांकडे बघितलं. हसत नव्हते ते एकटेच. ओठही हलले नव्हते. त्यांनी ताट उचललं आणि उठून एकेकाच्या हातावर खोबरं ठेवायला सुरुवात केली. माझ्यापाशी आले तेव्हा माझ्याही हातावर ठेवलं. घरी गेल्यावर चपला काढता काढता म्हणाले, ‘लोकांका आवाडला.’

त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. देवळात नाही, घरात नाही, कुठेच पुन्हा बोलले नाहीत. देवाने आमच्या घराचं एकच गाऱ्हाणं ऐकलं, मी मुंबईला निघालो तेव्हाचं. खूळ काढलं नाही, त्यावर दोन घास मात्र दिले.

त्या जत्रेचा प्रसंगही मी पुढच्या दिवाळी अंकात लिहिला. देऊळ शुक्रावर नेलं, लोकांना तीन-तीन डोळे दिले, बाकी सगळं तसंच ठेवलं. माझ्या सगळ्या कथांत तीच चांगली असं लोक अजून म्हणतात. त्यात शेवटी मुलगा गाऱ्हाणं घालतो, सगळे हसतात, आणि हसणं ओसरल्यावर खांबाशी बसलेला म्हातारा एकटाच ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. तेवढं एक वाक्य मी मनाने घातलं.